कथक क्लासच्या जाहिरातीवरून लोक पेजवर येतात, पण चौकशी करत नाहीत. लँडिंग पेजवर, म्हणजे जाहिरातीवर टॅप केल्यावर उघडणाऱ्या पेजवर, नेमकं काय असावं?

तुम्ही लिहिलंय की डोंबिवली पूर्वेला तुमचा कथकचा क्लास आहे, एक बॅच मुलांची आणि एक नोकरदार बायकांची. इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीतून लोक पेजवर येतात, पण मेसेज फारसे येत नाहीत. पेजवर आधी स्टेजवरच्या नृत्याचा मोठा व्हिडिओ, मग तुमचा परिचय आणि गुरुपरंपरा, मग फोटो आणि सगळ्यात शेवटी फॉर्म, असा क्रम तुम्ही सांगितलाय. मी लहान व्यवसायांची पेजेस करते, त्यात नाच-गाण्याचे क्लास बरेच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, तुमचं पेज शिकवणाऱ्याच्या बाजूने लिहिलं गेलंय. ते उघडणारी बहुतेक वेळा एक आई असते, लोकलमध्ये किंवा रात्री जेवणं आवरल्यावर, हातात मोबाइल घेऊन. माझ्या मुलीच्या वयाला चालेल का, कुठल्या वारी किती वाजता, घरापासून कुठे आणि फी किती, एवढंच तिला आधी कळायला हवं असतं. ही उत्तरं पहिल्याच स्क्रीनवर दिसली पाहिजेत. उदाहरणार्थ असं:

«कथक, मुलांची नवीन बॅच. वय 6 ते 10. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी 5.30 ते 6.30. डोंबिवली पूर्व, फडके रोडपासून चालत पाच मिनिटं. फी दरमहा इतकी. पहिला क्लास विनामूल्य, पालकांनी बसून बघावा.»

त्याच्या खाली एकच बटण: «व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रायल क्लास ठरवा». फोन करा, फॉर्म भरा, आमचं यूट्यूब बघा असे चार रस्ते दिले की माणूस एकाही रस्त्याने जात नाही.

पत्त्यात पूर्व की पश्चिम हे ठळक लिहा. तुम्हाला सांगायला नको, संध्याकाळच्या गर्दीत रूळ ओलांडून मुलांना आठवड्यातून दोनदा पलीकडे नेणं किती जणांना जमतं ते. पश्चिमेची आई येणार नसेल तर तिला ते पेजवरच कळू दे, आणि रामनगर-टिळकनगरच्या आईला कळू दे की हे आपल्या जवळच आहे.

फीबद्दल बऱ्याच शिक्षिकांना अवघड वाटतं, विद्येला किंमतीची चिठ्ठी लावल्यासारखं. मला ती भावना समजते, तरीही फी लिहाच. «फीसाठी संपर्क करा» वाचून लोक गृहीत धरतात की महाग असणार, आणि पेज बंद करतात. नुसती महिन्याची फी लिहूनही भागत नाही. प्रवेश शुल्क, परीक्षा शुल्क, घुंगरू कधी घ्यायचे, वार्षिक कार्यक्रमाच्या पोशाखाचा खर्च कोणाचा, हेही दोन ओळींत सांगा. पालकांची नाराजी बहुतेक वेळा या ऐन वेळी सांगितलेल्या पोशाखाच्या खर्चावरूनच होते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. पहिल्या वर्षात मुलगी काय शिकेल, हे जवळजवळ कुठल्याच क्लासच्या पेजवर नसतं. ज्या घरात कोणी कथक शिकलेलं नाही, त्यांना वाटतं तीन महिन्यांत मुलगी गाण्यावर नाचायला लागेल. मग ती तत्कारच, म्हणजे पायांनी ताल धरायचा मूळ सरावच, करत बसलेली दिसली की आई-बाबा धीर सोडतात आणि क्लास सुटतो. म्हणून साध्या भाषेत लिहा: सुरुवातीचे काही महिने उभं राहायची पद्धत, तत्कार, हस्तमुद्रा, हातावर ताल धरून तीनतालाच्या 16 मात्रा म्हणणं. मग छोटे तोडे-तुकडे (बोलांवर नाचायच्या छोट्या रचना), सोप्या तिहाया (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं), चक्कर म्हणजे गिरक्या. हे सगळं हळू का चालतं, पाय पक्का झाल्याशिवाय पुढे का जात नाही, हे तुमच्याच शब्दांत सांगा. इथे तुमचा व्हिडिओ टाका, पण स्टेजवरचा नको. क्लासमधला, मोबाइलवर उभा धरून काढलेला, अर्ध्या मिनिटाचा: तुम्ही बोल म्हणताय, मुलं पाय मारताहेत, एखादीचा चुकतोय आणि तुम्ही थांबून पुन्हा घेताय. तुम्ही कशा शिकवता हे आईला त्यातून कळतं, स्टेजवरच्या नृत्यातून कळत नाही.

परीक्षांबद्दलही इथेच लिहा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवत असाल तर प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात टप्पे असतात, ते क्रमाने द्या. शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेतून दिल्या तर राज्य मंडळाच्या दहावीला वाढीव गुण मिळतात, पालक हे हमखास विचारतात. मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत असेल तरच याचा उपयोग, हेही स्पष्ट करा.

तुमचा परिचय आणि गुरूंचं नाव यानंतर, चार-पाच ओळींत. घराणं, कोणाकडे किती वर्षं शिकलात, किती वर्षं शिकवताय. त्याचं मोल मोठं आहे, पण ते आईला वरची उत्तरं मिळाल्यावरच जाणवतं.

नोकरदार बायकांच्या बॅचसाठी वेगळं पेज करा. त्यांचे प्रश्न पूर्ण वेगळे आहेत: चाळिशीत सुरू करता येईल का, गुडघे दुखतील का, गाडी उशिरा आली तर काय, साडी लागते की सलवार-कमीझ चालेल. जाहिरात ज्या बॅचची, त्याच बॅचचं पेज उघडलं पाहिजे.

मुलांच्या फोटोंबाबत मी फार काटेकोर आहे, तुम्हीही राहा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. प्रवेशाच्या वेळीच लेखी संमती घ्या. फोटोखाली मुलीचं पूर्ण नाव आणि शाळा कधीच नको. घुंगरू बांधलेल्या पावलांचा किंवा पाठमोरा फोटोही पुरेसा बोलतो.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात सांगते. कॅमेऱ्यातले पाच-पाच एमबीचे फोटो तसेच टाकू नका, वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये करून दोनशे केबीच्या आत आणा. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा असा गुगलचा निकष आहे, तो गुगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साइटवर फुकट तपासता येतो. वेळ, फी, पत्ता डिझायनरने बनवलेल्या पोस्टरच्या चित्रात ठेवू नका. मोबाइलवर ते वाचता येत नाही आणि गुगललाही त्यातून फारसं कळत नाही. मजकूर युनिकोड मराठीत टाइप करा, आणि लोक शोधताना बहुधा इंग्रजी अक्षरं वापरतात म्हणून शीर्षकात क्लासचं आणि गावाचं नाव दोन्ही लिप्यांत द्या.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाला लिंक देताना नंबरआधी 91 लावा, मध्ये अधिक चिन्ह किंवा डॅश नको. लिंकमध्ये मेसेजही आधी भरून ठेवता येतो: «मुलांच्या बॅचच्या ट्रायल क्लासची माहिती हवी आहे». दोन पेजेसना दोन वेगळे मेसेज ठेवलेत की कुठून किती चौकशी आली हे तुम्हाला दुसरं काही न लावता मोजता येईल.

जूनच्या बॅचसाठी पेज मार्चअखेर तयार हवं. वार्षिक परीक्षा संपल्या की पालक उन्हाळी शिबिरं शोधायला लागतात, आणि शिबिराला आलेली मुलंच पुढे जूनला राहतात. एप्रिलमध्ये त्याच पेजवर वरची ओळ बदलून शिबिराची करा, मेच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा बॅचची. जुनी तारीख पेजवर तशीच राहिली तर आईला वाटतं क्लास बंद झाला.