पंधरा दिवसांचा गिलावा आणि गणपतीची घाई

"गिलावा होऊन पंधरा दिवस झालेत, रंगारी म्हणतो पुट्टी ओढून टाकू, गणपती नव्या घरात आणायचाय" हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. सहा वर्षांपूर्वी चिपळूणजवळ आम्ही नेमकं हेच केलं होतं.

पुट्टीचे दोन हात, घासणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात हे तुमच्या रंगाऱ्याला येत असणारच. घोळ त्याच्या आधीच होतो. आमच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा पाणी भरपूर पितो, सोडताना मात्र महिने लावतो. गिलावा जुलैत संपला, वर आठवडाभर पाणी मारलं (ते मारायलाच हवं) आणि बाहेर पाऊस. भिंत सुकणार कुठून? हाताला कोरडी लागली एवढ्यावर मी होकार दिला. गणपतीतले फोटो झकास आले. दिवाळीला हॉलमध्ये खालच्या दोन फुटांत पांढरा खार फुटला, मग पुट्टीसकट पोपडे.

डब्यावर वॉरंटी होती म्हणून तक्रार केली. महिनाभर फोन करून कंपनीचे एक साहेब आले, भिंतीला ओल मोजायचा मीटर टेकवला, "ओल आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणाले आणि माझी सही घेऊन गेले. नियमाने त्यांचं बरोबरच होतं हो. पण रंगाआधी त्यांचाच माणूस मोजमाप घ्यायला आणि शेडकार्ड दाखवायला आला होता, तेव्हा हा मीटर कुठे होता? असो.

मी इंजिनियर नाही, त्यामुळे आपल्या गवंड्यालाही विचारा. गिलाव्यानंतर 28 दिवस थांबा म्हणतात ते कोरड्या हवेतले आणि तेही कमीत कमी. कोकणातल्या पावसात तो आकडा विसरा. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवा, जमिनीलगत आणि बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर नक्की. आतून दव धरलं तर थांबा. "डॅमप्रूफ (ओल अडवणारा लेप) मारतो, काही होत नाही" यावर माझा तरी विश्वास नाही; आतलं पाणी कोंडून ते कुठे जाणार?

गणपतीपुरता नुसता चुना मारा. पुट्टीआधी तो खरवडावा लागेल, पण पोपडे काढण्यापेक्षा परवडतो. नाहीतर मखरामागे पडदा सोडा, गिलावा कोण बघतंय!

रंगारी एकाच कंपनीसाठी अडून बसला तर डब्यातल्या टोकनचं (रंगाऱ्याला मिळणाऱ्या बक्षिसाचं) आधी बोलून घ्या. आणि स्वयंपाकघरात ताज्या गिलाव्यावर ऑइलपेंट नको. सिमेंटच्या क्षाराने त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो, महिनोन्‌महिने चिकट राहतो.

आम्ही शेवटी हॉलची सगळी पुट्टी काढून भिंत मेपर्यंत उघडी ठेवली, मग रंगवली. अजून टिकून आहे. बाथरूममागचा एक कोपरा सोडून, पण तिथे पाइप गळत होता.