बाईकच्या टायरला कारचं टायर पॉलिश लावलं तर चालतं का? टायर काळे कसे ठेवावेत?

मारू नका. तुम्ही लिहिलंय की दसऱ्याला गाड्या धुवायच्या आहेत, बाईकचे टायर तपकिरी पडलेत आणि कारसाठी आणलेला टायर पॉलिशचा अर्धा स्प्रे घरात पडून आहे. तो कारलाच संपवा.

मीही दसऱ्याच्या आदल्या दिवशीच शिकलो. चार-पाच वर्षांपूर्वी दीडशे सीसीची गाडी वॉशिंगला दिली होती. पोरगा मेहनती. फोम मारला, चेन पुसली आणि मी न सांगताच दोन्ही टायरवर काहीतरी चकचकीत फवारलं. “काका, आत्ता शोरूममधनं काढल्यागत दिसतीय बघा.” दिसत होतीच. मी खूश होऊन वीस रुपये वर दिले. तिथून निघालो, दुसऱ्या वळणावर गाडी डावीकडे झुकवली आणि मागचं चाक शेवाळावरून गेल्यासारखं सटकन बाहेर गेलं. वेग वीस-पंचवीसचा होता म्हणून गुडघा आणि इंडिकेटरवर भागलं. उठून टायरला बोट लावलं तर बोट तेलकट.

कार वळताना फारशी कलत नाही, तिच्या टायरची बाजू रस्त्याला टेकत नाही. म्हणून तिथे पॉलिश खपून जातं. बाईक झुकते. तिचा टायर गोलसर असतो आणि वळणावर सगळा भार ज्या पट्ट्यावर येतो, तो बाजूला अगदी लागून असतो. एका वेळी रस्त्याला टेकलेलं रबर जेमतेम तळहाताएवढं. त्यात चाक फिरायला लागलं की बाजूला लावलेलं पॉलिश बाहेरच्या दिशेला ओघळतं, आणि टायरच्या बाहेरच्या दिशेला असते ती रस्त्याला टेकणारी खाचांची नक्षीच. कितीही जपून लावलं तरी थोडं तिथे पोचतं. चकचकीत पॉलिशांत बहुधा सिलिकॉन असतं, ते नुसत्या पाण्याने जात नाही.

स्प्रेचा आणखी एक उपद्रव म्हणजे त्याचा तुषार डिस्कवर, म्हणजे ब्रेकचं पॅड जिला धरतं त्या चाकाच्या चकतीवर बसतो. ब्रेक पॅड सच्छिद्र असतं, तेलकट पदार्थ आत शोषून घेतं. मग तुम्ही ब्रेक दाबता आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून साफ होते, पण पॅड तेल प्यायलं असेल तर बदलणं बरं.

आता तपकिरी रंगाबद्दल. तो सगळा मळ नसतो. हवेतल्या ओझोनमुळे रबराला भेगा पडतात, त्या पडू नयेत म्हणून टायर बनवतानाच रबरात काही रसायनं घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात, ओझोनशी त्यांची प्रक्रिया होते आणि तपकिरी थर दिसतो. म्हणजे टायर आपलं काम करतोय. धुतल्यावर थर जाईल, काही आठवड्यांनी परत येईल. येऊ द्या.

धुण्यासाठी महागडं काही लागत नाही. गाडी सावलीत डबल स्टँडवर, इंजिन बंद, न्यूट्रलमध्ये. लांबून आला असाल तर टायर गार होऊ द्या. आधी पाण्याने माती सोडवा, मग बादलीत भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब टाकून ब्रशने घासा. कपड्यांचा प्लॅस्टिकचा ब्रश चालतो. आमच्याकडे नारळाची शेंडी वापरतात, तीही छान काम करते. तारेची घासणी नको. मागच्या टायरच्या चेनकडच्या बाजूला चेनचं ल्यूब उडालेलं असतं, तिथे दोनदा घासा. नक्षीच्या खाचांतले खडे काढा. भरपूर पाण्याने धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांतलं काही लावू नका. मळ झटक्यात निघतो हे खरं, पण हे पदार्थ रबरात मुरतात, ते फुगवतात आणि मऊ पाडतात. खोबरेल तेलाचा घरगुती उपायही नकोच, तेल ते तेलच.

चाक हाताने फिरवा. गाडी चालू करून, गिअर टाकून मागचं चाक फिरत ठेवायचं आणि त्यावर फडकं धरायचं, हा प्रकार मी कितीतरी घरांसमोर पाहिलाय. फडकं चेनमध्ये ओढलं गेलं की त्यामागोमाग बोटं जातात, आणि चेन-स्प्रॉकेटमधून बोट अख्खं परत येत नाही. पाच मिनिटं वाचवायला ही किंमत फार झाली.

धुऊन झाल्यावर पहिले काही मीटर हळू जा आणि दोन्ही ब्रेक हलके दाबून सुकवून घ्या.

आधीच कुठे पॉलिश लागून गेलं असेल तर साबण-ब्रशचा हात दोन-तीनदा मारा आणि नक्षीवरून पांढरं फडकं फिरवून पाहा. चिकट चमक दिसली तर पुन्हा धुवा. त्यानंतरही थोडे किलोमीटर वळणं गाडी न झुकवता, सावकाश घ्या. नव्या टायरलाही हेच लागू, त्याचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात झुकवू नये.

एवढं सांगूनही पूजेपुरते टायर काळे हवेच असतील, तर वॉटर-बेस्ड, न चकाकणारं टायर ड्रेसिंग (टायर काळं दिसण्यासाठी लावायचं द्रव) घ्या. कापडावर थेंबभर घेऊन रिमलगतच्या पट्टीवर, अक्षरांपर्यंतच फिरवा, नक्षीच्या कडेपासून दोन बोटं लांब राहा. वाळू द्या, मग कोरड्या कापडाने उरलेलं घासून काढा. हार घालून गाडी उभी राहणार असेल तर ठीक. मी स्वतः हेही सोडलं.

धुताना टायर जवळून बघायला मिळतो, ते वाया घालवू नका. बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ 2319, म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आपल्या नियमांत दुचाकीसाठी किमान खोली 0.8 मिलिमीटर आहे, मी त्याच्या बऱ्याच आधी बदलतो. बाजूवर बारीक भेगांचं जाळं दिसलं तर पंक्चरवाल्याला किंवा मेकॅनिकला दाखवा. पॉलिश या भेगा फार छान झाकतं. सेकंड हँड गाडी बघायला गेलात आणि टायर आरशासारखे चमकत असतील, तर ओलं फडकं मागून घ्या आणि पुसून बघा.

आणि गाडी बाहेर धुवायला देणार असाल तर चावी देतानाच सांगा, “टायरला काही लावायचं नाही, डिझेल मारायचं नाही.” धुतल्यावर कुठे कुठे खाली डिझेल फवारतात, ते टायर आणि डिस्क दोन्हीवर उडतं. मी दर वेळी सांगतो आणि तरी काम होईपर्यंत तिथेच उभा राहतो.