तुम्ही विचारलंय, सशाची काळी मादी, पांढरा नर, मग सहाच्या सहा पिल्लं मातकट कशी?

शेजाऱ्यांच्या तपकिरी सशावर आळ घेण्याआधी एक करा. एखादं पिल्लू मांडीवर घ्या आणि पाठीवर जोरात फुंकर मारा. केस फाकले की गोल गोल कडी दिसतील: बुडाशी पाटीसारखा करडा, मध्ये तांबूस, टोकाला काळा. एकाच केसावर तीन रंग, आणि लांबून सगळं मिळून मातकट. हा रानसशाचा रंग, याला अगूटी म्हणतात. पोट आणि शेपटीची खालची बाजू पांढुरकी असेल तर शंकाच नको. आता आईवर फुंकर मारा, तो मधला तांबूस पट्टा दिसणार नाही.

पट्टा आला बापाकडून. तुम्ही लिहिलंय त्याचे डोळे लाल आहेत, म्हणजे न्यूझीलंड व्हाइट या पांढऱ्या जातीसारखा. अशा सशात रंगच तयार होत नाही. वीज गेलेल्या घरात भिंती कुठल्या रंगाच्या ते कळतं का? तसंच. पट्ट्याचं जनुक त्याच्यात होतं, फक्त दिसत नव्हतं. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. आईने रंग बनवणारी चालू प्रत दिली, बापाने पट्ट्याची. दोन्ही वरचढ, म्हणजे एकच प्रत पुरते, त्यामुळे पिल्लू अगूटी. बापाकडे पट्ट्याची एकच प्रत असती तर सहाही अशी निघण्याची शक्यता ६४ मध्ये १, तेव्हा बहुतेक त्याच्याकडे दोन्ही प्रती तशाच आहेत. शेजारच्या सशाची इथे गरजच पडत नाही.

माझ्या पहिल्या वेताला मीही विकणाऱ्याशी भांडून आलो होतो. पुढे त्यातलीच दोन भावंडं चुकून एकत्र राहिली आणि नऊ पिल्लं झाली: पाच मातकट, दोन काळी, दोन पांढरी. कागदावरचा हिशोब १६ मागे ९, ३ आणि ४ असा येतो. पिल्लं जन्मतात उघडी, पण तीन-चार दिवसांत कातडीवर सावली धरते. जी गुलाबीच राहतात ती पांढरी.

कॅलिफोर्नियन जातीच्या पांढऱ्या सशांचं नाक, कान, पाय आणि शेपूट काळे असतात, तीही याच रंगाच्या जनुकाची एक तऱ्हा. त्यांच्यात रंग फक्त शरीराच्या गार भागात बनतो, म्हणून उन्हाळ्यात ते कान फिकट पडतात.

तुम्हाला काळीच पिल्लं हवी असतील तर नर काळा आणा. तरी एखादं लाल डोळ्यांचं पांढरं निघालं, तर नर-मादी दोघांकडे रंगाची एकेक बंद प्रत आहे असं समजा, फसवणूक नव्हे. आणि आत्ताच्या पिल्लांतले नर-मादी तीन महिन्यांच्या आत वेगळे करा, नाहीतर ९-३-४ चा हिशोब तुमच्याच पिंजऱ्यात मांडावा लागेल.