ओक्लाहोमात वादळाखाली लोंबणारा ढग वॉल क्लाउडच (ज्यातून टोर्नेडो, म्हणजे चक्री वावटळ, उतरू शकते तो ढग) आहे, हे कसं ओळखायचं?
आधी पाऊस कुठे पडतोय ते बघा. वॉल क्लाउड बहुतेक वेळा सुपरसेलच्या (स्वतःभोवती फिरणाऱ्या मोठ्या गडगडाटी वादळाच्या) नैऋत्य अंगाला, पाऊस नसलेल्या काळ्या तळाखाली उतरतो. वादळाच्या पुढ्यात लांबलचक पसरलेला तो शेल्फ क्लाउड. दिसायला भयंकर, पण वर्दी देतो सोसाट्याच्या वाऱ्याची. मग दोन-चार मिनिटं नजर ठेवा: अख्खा ढग जात्यासारखा फिरतोय का, कडेच्या चिंध्या भराभर वर ओढल्या जाताहेत का? नुसत्या लोंबत्या चिंध्या फार फसवतात. ढगातून उतरणारी सोंड जमिनीला टेकलेली दिसायलाच हवी असं नाही. तिच्याखाली धूळ गरगरली की टोर्नेडो आलाच. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या एल रेनो गावाजवळ आलेल्या टोर्नेडोसारखा तो पावसात दडलेला असेल तर यातलं काहीच दिसत नाही. सायरन वाजला की मोबाइल खिशात टाका आणि तळघर गाठा.