वाचकांचे प्रश्न : पंधरा तालुके, नऊ चल आणि कुपोषणाचे कोष्टक

प्रश्न : मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आहे. नाशिक जिल्ह्यातील पंधराही तालुक्यांची आकडेवारी जमवून, पाच वर्षांखालील कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण हे अवलंबी चल (ज्याची कारणे शोधायची ते) घेतले आणि मातांची साक्षरता, शौचालये, पाऊस, आदिवासी लोकसंख्या, आरोग्य केंद्राचे अंतर असे एकूण नऊ चल घेऊन एक्सेलमध्ये रिग्रेशन, म्हणजे प्रत्येक चलाचा वाटा गुणांकाच्या रूपात वेगळा काढणारे गणित, केले. आर-वर्ग, म्हणजे तालुक्यातालुक्यांतल्या फरकाचा जितका भाग या चलांनी उलगडतो तो, ०.८२ आला. मात्र शौचालयांच्या गुणांकाचे चिन्ह उलटे आहे, म्हणजे शौचालये जास्त तिथे कुपोषणही जास्त. मातांच्या साक्षरतेमुळे कुपोषण घटते, असा निष्कर्ष काढता येईल का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : नाही, या कोष्टकावरून काढता येणार नाही. ज्या उलट्या चिन्हाने आपण चक्रावलात, ते मात्र दडवू नका. सगळ्या कोष्टकात तेच सर्वांत बोलके आहे.

आधी ०.८२ विषयी. कुपोषणाशी सुतराम संबंध नसलेले, यदृच्छेने निवडलेले नऊ चल पंधरा नोंदींवर बसवले, तरी आर-वर्ग सरासरीने ९ भागिले १४, म्हणजे ०.६४ च्या आसपास येतोच. पंधरा नोंदींतून नऊ गुणांक आणि एक स्थिरांक वजा केला की स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे गणित पारखायला मोकळी उरलेली माहिती, उरतात अवघ्या पाच. त्या हिशेबात धरल्या की आपला समायोजित आर-वर्ग ०.५० वर उतरतो, आणि एफ-मूल्य (सगळे चल मिळून योगायोगाहून अधिक काही सांगतात का, ते तपासणारा आकडा) येते सुमारे २.५, जे पाच टक्के पातळीला ४.७७ च्या वर असायला हवे होते. थोडक्यात, एक्सेलच्या त्या पानावर वरचा आकडा भारदस्त दिसत असला, तरी हे नऊ चल एकत्रितपणे काही सांगतात असे म्हणायलाही पुरेसा आधार नाही.

आता चिन्ह. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे घाटाकडचे तालुके घ्या. तिथे पाऊस अधिक, आदिवासी लोकसंख्या अधिक, पाडे विखुरलेले, त्यामुळे आरोग्य केंद्र लांब. पूर्वेकडे येवला, नांदगाव येथे यांतले बरेचसे नेमके उलट. हे चल जिल्ह्याच्या नकाशावर एकमेकांचा हात धरूनच फिरत असल्यामुळे कोणाचा परिणाम किती, हे वेगळे काढायला गणिताजवळ साहित्यच उरत नाही. मग एखादा तालुका वगळताच गुणांक निम्मा होतो किंवा चिन्ह पालटतो. आपण हे करून पाहा : एकेक तालुका काढून पंधरा वेळा गणित करा आणि शौचालयांचा गुणांक कुठून कुठे जातो ते मांडा. याखेरीज, जिथे कुपोषण जास्त तिथे शौचालयांची योजना आधी पोचली असेल तर शौचालये आणि कुपोषण एकत्र दिसणारच. तिथे कारण आणि परिणाम यांची दिशाच उलटी असते.

तिसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. आपल्या नोंदी तालुक्यांच्या आहेत आणि निष्कर्ष मात्र आईविषयी आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये १९३० च्या जनगणनेवरून दाखवले, की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी होती (सहसंबंध सुमारे −०.५३), पण माणसागणिक पाहता परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षरता किंचित जास्त होती (सुमारे +०.१२). कारण हे लोक मुळातच साक्षर असलेल्या राज्यांत जाऊन वसले होते.

तेव्हा नोंद बालकाची घ्या. आवश्यक त्या परवानग्या घेऊन आणि नावे गाळून, तीसेक अंगणवाड्यांतून प्रत्येकी वीस बालकांचे वजन, वय, लिंग, आईचे शिक्षण आणि घरची जमीन एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार वयाच्या मानाने वजन मध्यकापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून (प्रमाण विचलन म्हणजे आकड्यांच्या विखुरलेपणाचे माप) खाली असेल तर ‘कमी वजन’ धरावे आणि होय-नाही अशा या उत्तरासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन वापरावे. एकाच पाड्यावरची मुले एकमेकांसारखी असतात, हे विसरू नका : अंगणवाडीअंतर्गत सहसंबंध ०.०५ इतका अल्प असला, तरी सहाशे बालकांची माहिती सांख्यिकीदृष्ट्या जेमतेम तीनशेंइतकी भरते. म्हणून प्रमाण-त्रुटी, म्हणजे गुणांक किती अनिश्चित आहेत ते सांगणारे आकडे, अंगणवाडीनिहाय गटाने काढाव्यात.

आणि वजने कोणत्या महिन्यात घेतली, ते अवश्य लिहा. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षे उतरेपर्यंत पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला असतात. जानेवारीत पाड्यावरच्या अंगणवाडीत जी मुले तराजूवर चढतात, ती मागे राहिलेल्या घरांतली. जी गेली, त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ एवढाच शेरा असतो. या गळतीवर कोणतेही सूत्र चालत नाही. ती मुले बागेवर जाऊन मोजावी लागतात.

‘मुळे’ या शब्दाविषयी एवढेच, की सामाजिक प्रश्नाला बहुचल रिग्रेशन लावणारे आद्य अभ्यासक उडनी यूल यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधील सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांचा अभ्यास करताना, ‘मुळे’ याचा काटेकोर अर्थ ‘शी निगडित’ असा घ्यावा, हे तळटीपेत सांगून ठेवले होते. माझ्या मते आपण ते तळटीपेत न टाकता शीर्षकातच आणावे.

प्रश्न : मालेगावातील यंत्रमाग कामगारांच्या पाहणीत, धुळीच्या विभागात काम करणाऱ्यांसाठी दीर्घकालीन खोकल्याचा ऑड्स रेशो २ आला (ऑड्स म्हणजे खोकला असलेले भागिले नसलेले; ते इतर विभागांच्या दुप्पट). ‘धोका दुप्पट’ असे अहवालात लिहावे का?
— एक आरोग्य कार्यकर्ता, मालेगाव

उत्तर : इतर विभागांत खोकला किती जणांना आहे, त्यावर ते अवलंबून आहे. तिथे प्रमाण २ टक्के असेल, तर धुळीच्या विभागात ते ३.९ टक्के ठरते आणि ‘जवळपास दुप्पट’ हे चालून जाते. पण तिथेच ४० टक्के असेल, तर ऑड्स दुप्पट होऊनही प्रमाण ५७ टक्केच होते, म्हणजे दीडपटीहूनही कमी. म्हणून दोन्ही विभागांतील टक्केवारी शेजारीशेजारी छापा आणि ऑड्स रेशो विश्वासांतरासह, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे त्यांसह, खाली द्या. ज्यांचा दम उखडला त्यांनी काम सोडलेले असते आणि ते कारखान्यात भेटतच नाहीत. त्यामुळे आपला आकडा खऱ्यापेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त. गेल्या काही वर्षांत काम सोडलेल्यांची यादी मुकादमाकडून किंवा मोहल्ल्यातून मिळवता आली, तर तेवढ्यांचीही पाहणी करून घ्या.