थंडीत लिपो बॅटऱ्या ठेवायच्या कशा?

प्रश्न : रिमोटच्या विमानाच्या ३एस (प्रत्येकी तीन सेल), २२०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास) तीन लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या आहेत. निफाडला जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो. बॅटऱ्या फुल चार्ज करून पत्र्याच्या खोलीत ठेवल्या तर गारठ्याने खराब होतील का? आणि उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवाव्यात का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : काळजी गारठ्याची नको, फुल चार्जची करा. पाच-सहा अंशांत नुसती पडून राहिलेली लिपो उलट कमीच झिजते. पण प्रत्येक सेल ४.२० व्होल्टवर ठेवून महिना काढला, की आतल्या द्रावणाचे विघटन होत राहते, वायू धरतो, पॅक (म्हणजे अख्खी बॅटरी) फुगतो. पूर्ण उतरवून ठेवली तर सेल हळूहळू ३ व्होल्टच्या खाली जातो आणि मग बहुतेक चार्जर त्याला हातही लावत नाहीत.

सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्ट ठेवा, म्हणजे तुमच्या पॅकवर ११.४ ते ११.५५. चार्जरच्या ‘स्टोरेज’ मोडमध्ये, बॅलन्स वायर (प्रत्येक सेलला वेगळी जोडणारी) लावूनच, हे होते. मात्र लहान चार्जर उतरवताना जेमतेम ५ वॉट घेतात. भरलेला पॅक निम्म्यावर यायला अडीच तास जातात. त्यामुळे आदल्या रात्री सगळे पॅक भरून ठेवण्याची सवय सोडा. सकाळी, उडवायला निघण्याआधी भरा. २२०० एमएएचला २.२ अँपिअर लावले की तासाभरात काम होते.

ठेवताना पॅक विमानातून काढा. बंद वाटणारा ईएससीही (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) थोडा करंट खातच असतो. व्होल्टेज बझर (व्होल्टेज घटले की वाजणारा) बॅलन्स कनेक्टरवर विसरला तर आणखी वाईट, कारण काही बझर सगळ्या सेलमधून सारखा करंट घेत नाहीत. पॅक चांगला असूनही एकच सेल मेलेला सापडतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असते. महिन्यातून एकदा सेल मोजा. दर वेळी तोच सेल मागे पडत असेल तर त्या पॅकचे दिवस भरले.

पेटी धातूची घ्या, पण झाकणाची रबरी पट्टी काढून टाका. हवाबंद पेटीत वायू कोंडला तर ती फुटू शकते. कनेक्टरला टोपण हवे. पेटी गादी-कपाटापासून लांब, फरशीवर ठेवा. पत्र्याची खोली हिवाळ्यापुरती चालेल, मे महिन्यात मुळीच नाही. तेव्हा घरातला सर्वांत गार कोपरा पुरतो. फ्रीज नको: बाहेर काढताच कनेक्टरवर दव धरते.

प्रश्न : कॅल्गरीत राहतो. गॅरेजमध्ये उणे २० होते. लिपो तिथेच ठेवून तिथेच चार्ज केल्या तर?
— एक वाचक, कॅनडा

उत्तर : ठेवणे एकवेळ चालेल, चार्जिंग अजिबात नाही. शून्याखाली सेलच्या ऋण टोकाच्या ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरण्याचा वेग फार मंदावतो आणि चार्जर ढकलत राहिला की ते पृष्ठभागावर धातू होऊन साचते. क्षमता कायमची घटते, पुढे आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. यातली वाईट गोष्ट अशी, की चार्जरच्या पडद्यावर सगळे ठीक दिसते.

बऱ्याच उत्पादकांनी साठवणुकीची खालची मर्यादाच उणे २० दिलेली असते, म्हणून तळघर बरे. गॅरेजमधून आणायच्याच असतील तर तिथेच झिपच्या पिशवीत बंद करा, मग घरात आणा. म्हणजे दव पिशवीवर धरेल, पॅकवर नाही. तीन-चार तास तशाच राहू द्या. हीटरवर ठेवू नका. पॅक आतपर्यंत १० अंशांच्या वर आल्याशिवाय चार्जरला लावू नका.

उडवायला नेताना पॅक डब्याच्या उष्णतारोधक पिशवीत न्या. थंड सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, थ्रॉटल दिला की व्होल्टेज झपकन खाली येते. टायमर नेहमीपेक्षा कमी लावा आणि पहिले अर्धे मिनिट मोटर हळू चालवा. तेवढ्यात पॅक स्वतःच थोडा गरम होतो.

प्रश्न : स्टार्टरची १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरीही निम्मीच ठेवायची का?
— तेच वाचक

उत्तर : नाही, तिचे नेमके उलटे. ती पूर्ण भरूनच ठेवा. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल पातळ होते आणि तुमच्याकडच्या थंडीत गोठून कवच तडकवते. भरलेली त्याच थंडीत शाबूत राहते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा, नाहीतर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते.