डूलॅली, देवळाली आणि 'टॅप'

प्रश्न असा आलाय की इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात तो शब्द खरंच नाशिकजवळच्या देवळालीवरून आलाय का, आणि जुन्या 'डूलॅली टॅप'मधला टॅप म्हणजे नळ का?

हो, आपली देवळालीच. आणि नळाचा काही संबंध नाही, तो टॅप म्हणजे ताप! गोऱ्या सोल्जरांनी हिंदुस्थानीतून उचललेला, मूळ संस्कृत. म्हणजे सरळ 'देवळालीचा ताप'. आपण 'डोक्याला ताप झालाय' म्हणतो ना, त्याच्या किती जवळ आहे बघा.

पण ताप कसला, तर माझ्या मते मुख्यतः वाट बघण्याचा. ब्रिटिशांनी १८६१ मध्ये तिथे छावणी काढली आणि ती ट्रान्झिट कॅम्प झाली, हिंदुस्थानातली नोकरीची वर्षं भरली की सोल्जर देवळालीत यायचा आणि मुंबईहून बोट मिळेपर्यंत तिथेच थांबायचा. सैन्याच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्चच सुटायच्या, त्यामुळे ज्याची मुदत मार्च उलटल्यावर संपली तो अख्खा उन्हाळा आणि पावसाळा तिथे अडकला. धड काम नाही, घर डोळ्यापुढे दिसतंय पण जाता येत नाही, त्यात दारू, मलेरिया, गुप्तरोग. माणसं विचित्र वागायला लागली की बाकीचे म्हणायचे, ह्याला देवळालीचा ताप चढला. मला ह्या शब्दामागची ही घरची ओढ फार लागते मनाला.

दुसऱ्या महायुद्धात तर विलायतेहून मुंबईला उतरलेले कितीतरी जवान आधी देवळालीला यायचे आणि तिथून पुढच्या पोस्टिंगवर, कुणी थेट ब्रह्मदेशच्या आघाडीवर.

आता उच्चार. इंग्रजीत 'ळ' नाहीच, तो गेला. आणि सरकारी स्पेलिंगमध्ये 'देव'चं 'देओ' होतं, देवगडचं होतं तसंच, मग देओलालीचं घाईघाईत बोलताना डूलॅली. पुढे टॅपही गळला आणि नुसतं 'डूलॅली' उरलं, अजून वापरात आहे.

नाशिककर मात्र आजही 'देवळाली कॅम्प'च म्हणतात, त्यातला कॅम्प तोच. तोफखान्याचं स्कूल फाळणीच्या आधीच काकूलहून (आता पाकिस्तानात) इथे आलं आणि ते अजून आहे.